ख्रिस्ती ऐक्य चळवळ, महाराष्ट्रातील

ख्रिस्ती ऐक्य चळवळ, महाराष्ट्रातील : निरनिराळ्या पंथोपपंथांत विभागलेल्या ख्रिस्ती श्रद्धावंतांनी एका श्रद्धेच्या आधारावर एकत्र यावे, एकत्र उपासना करावी आणि शक्य तेथे एकाच मंडळीत सामील व्हावे, यासाठी झालेला प्रयत्न. ‘मंडळी’ हा शब्द मराठी ख्रिस्ती लोक स्थानिक उपासकसमूह आणि संपूर्ण ख्रिस्तसमाज या दोन्ही अर्थांनी वापरतात. प्रस्तुत नोंदीतही तो तसाच वापरला आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात येशूने आपल्या शिष्यांच्या एकीसाठी केलेली प्रार्थना हा या चळवळीचा शास्त्राधार होय. महाराष्ट्रात तिचा इतिहास सुमारे दीडशे वर्षांचा आहे. ठरावांनी आणि घटनांनी जे साधले नाही, ते गीतांनी व उपासनेने बऱ्याच अंशी साधले, हे त्याचे वैशिष्ट्य होय. उलट, उपासनेने साधलेले ऐक्य कायद्याच्या कसोटीवर नेहमीच टिकले असेही नाही.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या मिशनांनी आपापल्या देशांतील भेद येथे आणले. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे ठाणे घातले. स्कॉटिश मिशनरी १८२३ मध्ये कोकणात आले आणि जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईस पोहोचले. नागपुरात स्टीव्हन हिस्लॉप यांनी १८४५ च्या सुमारास कार्य आरंभिले. इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे काम नासिक व जुन्नर येथे आणि नंतर औरंगाबादेस चालू होते. औरंगाबादेस रतनजी नौरोजी या पारशी कुळातील धर्मोपदेशकाने कित्येक वर्षे सेवा केली. कोल्हापूर येथे अमेरिकन प्रेसबिटेरियन, यवतमाळ येथे फ्री मेथडिस्ट, बुलढाणा येथे नाझरीन, अकोला व खानदेशात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, डहाणू-पालघर भागात ब्रेदरन, अशी ही विभागणी होत गेली. ज्या गावी जे मिशन प्रथम पोहोचले, त्याचा पंथ हाच त्या गावच्या ख्रिस्ती लोकांचा पंथ ठरला. कॉन्ग्रिगेशनल व प्रेसबिटेरियन मतांतील भेद सतराव्या शतकातील इंग्लंड-स्कॉटलंडच्या राजकारणातून निर्माण झालेले होते. नेवासे किंवा जालना तालुक्यातील शेतमजूर कुटुंबाच्या श्रद्धेशी त्यांचा संबंध लावणे कठीणच होते.

रोमन कॅथलिक समाजही या काळात एकसंध नव्हता. गोव्याच्या आर्चबिशपांच्या मार्फत चालणारा पोर्तुगीज राजाचा आश्रयाधिकार (पाद्रोआदो) आणि रोमच्या धर्मप्रसार मंडळाचा (प्रोपागांदा) अधिकार यांच्यातील वादामुळे मुंबईत १७९४ पासून दुहेरी धर्मसत्ता नांदत होती. एकाच शहरातील चर्चे दोन बिशपांत विभागलेली असत. ही व्यवस्था पोर्तुगाल व रोम यांच्यातील करारानंतर १९२८ मध्ये संपुष्टात आली. प्रॉटेस्टंटांच्या फाटाफुटीविषयी बोलताना हा इतिहास सहसा विसरला जातो.

क्षेत्रविभागणीची पद्धत व मराठवाडा : मिशनांनी परस्परांच्या क्षेत्रात शिरू नये, एकाने दुसऱ्याचे सभासद ओढू नयेत व सोडून गेलेल्या सेवकांना आश्रय देऊ नये, असे संकेत हळूहळू रूढ झाले. अलाहाबाद (१८७२-७३), कलकत्ता (१८८२-८३), मुंबई (१८९२-९३) व मद्रास (१९०२) येथे भरलेल्या दशवार्षिक मिशनरी परिषदांत या संकेतांची चर्चा झाली. ही व्यवस्था शेजारधर्माची होती. तिला ऐक्य म्हणता येत नाही. काही वेळा तीही मोडली. इंग्लंडच्या सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल या संस्थेने एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात अहमदनगर येथे काम सुरू केले, तेव्हा चाळीस वर्षे तेथे राबणाऱ्या अमेरिकन मिशनला ते रुचले नाही. एकाच नगरात, एकाच समाजातील, एकाच भाषेत प्रार्थना करणारे ख्रिस्ती लोक त्यामुळे दोन मंडळ्यांत वाटले गेले. काही खेड्यांत तर एका भावकीतच दोन मंडळ्या झाल्या.

मराठवाड्याच्या ईशान्य भागातील आजचा हिंगोली जिल्हा या विभागणीच्या नकाशावर उल्लेखनीय आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झालेला हा प्रदेश पूर्वी निजामाच्या राज्यात होता. हिंगोली येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती; ही फौज १९०३ मध्ये ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली. उत्तरेस पैनगंगेपलीकडचा वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजी कारभाराखाली गेला, म्हणून नदीच्या दोन काठांवर दोन राजवटी होत्या. मिशनांची क्षेत्रेही येथे एकमेकांना भिडत. वाशीमला प्रथम अमेरिकन मेथडिस्टांनी काम केले आणि पुढे ते नाझरीन मंडळीकडे सोपविले. वाशीमचे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय या मंडळीनेच चालविले. ईशान्येस यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट होते. पश्चिमेस जालन्याला स्कॉटिश फ्री चर्चचे मिशन होते. ते नारायण शेषाद्री या ब्राह्मण कुळातून आलेल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने उभारले. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्या साहाय्याने मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले. दक्षिणेस बिदरला पुन्हा मेथडिस्टच होते. नोकरीसाठी वा लग्न होऊन एका काठावरून दुसऱ्या काठावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबाला पंथही बदलावा लागे. निदान दुसऱ्या पंथाच्या मंडळीत पाहुण्यासारखे बसावे लागे. मिशनांचे करार मिशनांमध्ये होते, माणसांच्या येण्याजाण्याची त्यांत तरतूद नव्हती.

पंथभेदाहून जुना असा दुसराही भेद मंडळीत शिरला होता. मराठी मंडळ्यांतील बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतून आले. थोडे ब्राह्मण, मराठे व इतर जातींतून आले. एकाच पंगतीला बसणे आणि प्रभुभोजनात एकाच प्याल्यातून द्राक्षरस घेणे ही अनेकांच्या दृष्टीने ख्रिस्ती होण्याची खरी परीक्षा ठरली. अमेरिकन मराठी मिशनने उपासनेत जातिनिहाय बैठकी मान्य केल्या नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात अहमदनगरच्या मंडळीने हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक या ब्राह्मण कुळातील व्यक्तींना पाळक म्हणून स्वीकारले. त्यांच्या हातून प्रसाद घेणाऱ्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील लोक मोठ्या संख्येने होते. लक्ष्मीबाई टिळक यांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात सोवळेओवळे सुटण्याची जी हकीकत आली आहे, ती एका स्त्रीची असली, तरी त्या संपूर्ण पिढीचा अनुभव तीत उतरला आहे. असे असूनही महार व मांग समाजांतून आलेल्या ख्रिस्ती लोकांतील दुरावा कित्येक ठिकाणी टिकून राहिला. तो लग्नसंबंधांत व पाळकाच्या निवडणुकीत डोके वर काढी. पंथांच्या ऐक्याची चर्चा करणाऱ्या परिषदांनी या दुराव्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही, असे म्हणणे भाग आहे.

समान उपासनेची घडण : अमेरिकन मराठी मिशनशी संबंधित मंडळ्यांच्या एकत्रित सभेला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘ऐक्य’ असेच नाव होते. नगर भागातील खेड्यापाड्यांतून पाळक, शिक्षक व सामान्य सभासद तीस जमत. कामकाजापेक्षा भजन-कीर्तनाची ओढ लोकांना अधिक असे. १८६० नंतरच्या दशकात ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग प्रथम याच वर्तुळात झाला. कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४—१९०८) यांनी पदे रचली व कीर्तने केली. टाळ-मृदंगाच्या साथीने ख्रिस्तकथा सांगितली जाऊ लागली, तेव्हा ऐकणाऱ्याला ती कोणत्या मिशनची आहे हे विचारण्याचे कारण उरले नाही. इंग्रजी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते मात्र आपापल्या पंथाची खूण बरोबर बाळगीत आणि मराठी छंदाशी त्यांचे जमतही नसे.

या परंपरेला तिचा श्रेष्ठ कवी नारायण वामन टिळक (१८६१—१९१९) यांच्या रूपाने मिळाला. १८९५ मध्ये मुंबईस अमेरिकन मिशनच्या मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला व पुढील आयुष्याचा मोठा भाग अहमदनगरला गेला. संतांच्या, विशेषतः तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. अभंग, ओवी व पद या घाटांत त्यांनी लिहिलेली शंभराहून अधिक गीते मराठी मंडळ्यांच्या उपासना संगीत या गीतसंग्रहात समाविष्ट झाली. हा संग्रह अँग्लिकन, प्रेसबिटेरियन, कॉन्ग्रिगेशनल, मेथडिस्ट अशा सर्वांच्या हाती गेला. पंथांचे बिशप व पाळक एकमेकांच्या दीक्षेचा अधिकार मान्य करीत नव्हते, त्या काळातही त्यांचे लोक रविवारी सकाळी तीच गीते म्हणत होते. महाराष्ट्रातील ख्रिस्ती ऐक्याची पहिली प्रत्यक्ष कृती म्हणून या गीतसंग्रहाचा निर्देश करावा लागेल; त्यावर कोणत्याही समितीने मतदान घेतलेले नव्हते.

मराठी कीर्तनपरंपरेचा उगम ज्या संत नामदेवांशी जोडला जातो, त्यांचे जन्मगाव म्हणून हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे गाव मानले जाते आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांचे नाव औंढा नागनाथशी निगडित आहे. नामस्मरण, सहगायन व जातीपलीकडची संगत ही या परंपरेची अंगे मराठी ख्रिस्ती उपासनेने आपलीशी केली. सिद्धांताच्या दृष्टीने दोहोंतील अंतर मोठे आहे. ते पुसण्याचा टिळकांचाही उद्देश नव्हता. परंतु उपासना सामुदायिक व गेय असावी आणि ती बोलीच्या जवळ असावी, ही जाण याच भूमीतून आली.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुसंघ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. मिशनांच्या चौकटीबाहेर, पैशाच्या बंधनावाचून चालणारी स्वदेशी मंडळी त्यांना हवी होती. दोनच वर्षांनी त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग वाढला नाही. बाप्तिस्म्यावाचून मंडळीचे सभासदत्व असू शकते का, हा त्याने उपस्थित केलेला प्रश्न मात्र नंतरच्या कोणत्याही ऐक्य-योजनेने हाती घेतला नाही.

पंडिता रमाबाई (१८५८—१९२२) यांची भूमिकाही येथे नोंदविण्याजोगी आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे अँग्लिकन मठाच्या आश्रयाखाली त्यांचा बाप्तिस्मा झाला. तथापि आपण ख्रिस्ताच्या मंडळीत आलो आहोत, कोणा एका पंथाच्या सर्व मतांना बांधलेलो नाही, अशी त्यांची धारणा राहिली. तिच्यापायी वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा दीर्घ पत्रवादही झाला. केडगावचे मुक्ती मिशन त्यांनी कोणत्याही पंथाशी न जोडता चालविले. बाबा पदमनजी (१८३१—१९०६) यांच्या जीवनातही पंथांच्या सीमा अशाच ओलांडलेल्या दिसतात. बेळगावला लंडन मिशनच्या सहवासात ते ख्रिस्ती झाले, पुण्याला फ्री चर्चचे पाळक होते आणि पुढे मुंबईला त्यांनी सर्व मिशनांना उपयोगी पडणाऱ्या ग्रंथप्रकाशनाचे व बायबल-भाषांतराच्या संशोधनाचे काम केले. मराठी नवा करार (१८२६), संपूर्ण मराठी बायबल (१८४७) आणि अहमदनगरला १८४२ मध्ये सुरू झालेले ज्ञानोदय हे नियतकालिक यांच्यामुळे वेगवेगळ्या मिशनांच्या वाचकांची धर्मभाषा पुष्कळशी एक झाली.

संघटित प्रयत्न : १९१० मध्ये एडिंबरो येथे भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेपासून ऐक्याच्या विचाराला संघटित रूप आले. या परिषदेत भारतीय प्रतिनिधी व्ही. एस. अझरिया यांनी परदेशी मिशनरी व भारतीय सेवक यांच्यात मैत्रीचा अभाव असल्याचे स्पष्ट शब्दांत सांगितले. १९१९ मध्ये तरंगमबाडी (ट्रांकेबार) येथे जमलेल्या धर्मसेवकांनी, बहुतांशी भारतीयांनी, परदेशातून आलेली दुही आपल्यावर लादली गेली आहे, असे जाहीर केले. भारतीय ख्रिस्ती लोकांतील राष्ट्रीय भावना आणि ऐक्याची मागणी ही दोन्ही एकाच वेळी वाढली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मिशनरी परिषदेचे पुढे राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेत रूपांतर झाले. तिचे मुख्य कार्यालय नागपूरला असल्याने या शहराला भारतातील प्रॉटेस्टंट सहकार्याचे केंद्र म्हणून महत्त्व आले. १९७९ मध्ये या संस्थेची पुनर्रचना ख्रिस्ती मंडळ्यांची परिषद म्हणून झाली. मिशने सभासद असण्याचा काळ तेव्हा पूर्णपणे संपला.

१९२४ मध्ये प्रेसबिटेरियन व कॉन्ग्रिगेशनल मंडळ्यांची ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ स्थापन झाली. अमेरिकन मराठी मिशनच्या नगर भागातील मंडळ्या आणि मुंबई, पुणे, जालना व नागपूरकडील स्कॉटिश परंपरेच्या मंडळ्या तीत एकत्र आल्या. दोन्ही परंपरांत बिशपपद नव्हते आणि बालबाप्तिस्मा दोहोंना मान्य होता, त्यामुळे हा टप्पा तुलनेने सोपा होता. अँग्लिकनांशी एकी करायची तर बिशपपदाचा प्रश्न आणि बॅप्टिस्ट व ब्रेदरन यांच्याशी करायची तर बाप्तिस्म्याचा प्रश्न आडवा येई. १९२९ मध्ये लखनौ येथे गोलमेज परिषदेने बोलणी सुरू झाली. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रास येथे चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा उत्तरेतील वाटाघाटींना जोर आला. १९५१ पासून वाटाघाट समितीने ऐक्य-योजनेच्या एकामागून एक आवृत्त्या तयार केल्या. १९६५ ची चौथी आवृत्ती अखेरची ठरली.

योजनेचा सर्वांत नाजूक भाग धर्मसेवकांच्या दीक्षेविषयी होता. अँग्लिकन मतानुसार प्रेषितांपासून चालत आलेल्या परंपरेतील बिशपाने हात ठेवून दिलेली दीक्षाच पूर्ण होय. प्रेसबिटेरियन पाळकाला मात्र पुन्हा दीक्षा घेणे म्हणजे आजवरची आपली सेवा निष्फळ होती असे कबूल करण्यासारखे वाटे. दक्षिणेत सर्व पाळकांना आहेत तसे स्वीकारून पुढील दीक्षा बिशपांनी द्याव्यात, असा मार्ग निघाला होता. त्यामुळे संक्रमणाची तीस वर्षे गृहीत धरावी लागली. उत्तरेच्या योजनेने प्रारंभीच सर्व धर्मसेवा एकरूप करण्याचे ठरविले. सर्व पंथांच्या धर्मसेवकांवर प्रार्थनापूर्वक हात ठेवावेत, ज्याला जे अधिकारदान वा कृपा आवश्यक असेल ती देवाने द्यावी अशी याचना करावी, आणि हा विधी पुनर्दीक्षा आहे की नाही याचा निर्णय माणसांनी करू नये, असा हा तोडगा होता. टीकाकारांनी त्याला संदिग्ध म्हटले. ती संदिग्धता जाणूनबुजून राखलेली होती. वादविवादाने जो पेच चाळीस वर्षांत सुटला नव्हता, तो उपासनेच्या शब्दांत ठेवला असता लोक त्या शब्दांना ‘आमेन’ म्हणू शकले.

बाप्तिस्म्याबाबतही अशीच मोकळीक ठेवण्यात आली. बालबाप्तिस्मा व पुढे दृढीकरण, अथवा बालकाचे समर्पण व मोठेपणी स्वतःच्या कबुलीनंतर बाप्तिस्मा, हे दोन्ही मार्ग समान मानले गेले. एखाद्या पाळकाला बालबाप्तिस्मा देणे विवेकाला पटत नसेल, तर त्याच्यावर सक्ती नव्हती. बाळपणी बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीने तो पुन्हा मागितला, तर प्रकरण बिशपाकडे जावे अशी व्यवस्था होती. मराठी मंडळ्यांत हा शेवटचा प्रश्न पुढील काळात अनेकदा उद्भवला. पेंटेकोस्टल प्रचाराच्या वाढीबरोबर तो अधिकच टोचू लागला.

रविवार, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, ख्रिस्तागमनकाळाच्या पहिल्या रविवारी, नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची (उत्तर भारतीय मंडळी) स्थापना झाली. सहा मंडळ्या तीत विलीन झाल्या : अँग्लिकन परंपरेची चर्च ऑफ इंडिया, पाकिस्तान, बर्मा अँड सिलोन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, उत्तर भारतातील बॅप्टिस्ट मंडळ्यांची परिषद, चर्च ऑफ द ब्रेदरन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परिषदांची मेथडिस्ट मंडळी, आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट. ज्या बॅप्टिस्टांनी बिशपपद शतकानुशतके नाकारले, त्यांनी अँग्लिकनांबरोबर एक बिशपप्रणीत मंडळी उभारल्याचे हे जगातील पहिलेच मोठे उदाहरण मानले जाते. अहमदनगरच्या दोन मंडळ्या, म्हणजे अमेरिकन मिशनची व अँग्लिकनांची, एकाच धर्मप्रांतात आल्या. शतकापूर्वीची कटुता कागदोपत्री तरी मिटली. प्रत्येक गावी दोन चर्चांची एक मंडळी होण्यास मात्र वेळ लागला आणि काही ठिकाणी ती झालीच नाही.

बाहेर राहिलेले व न्यायालयीन वाद : अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी ही वाटाघाटींतील सर्वांत मोठ्या घटकांपैकी एक होती. ऐनवेळी, १९७० मध्येच, तिने योजनेविरुद्ध मत दिले. आपल्या बिशपपद्धतीचे, मालमत्तेचे व अमेरिकेशी असलेल्या नात्याचे काय होईल, ही शंका त्यामागे होती. १९८१ मध्ये ती स्वायत्त ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ झाली. मुंबई, पुणे व मराठवाड्याच्या दक्षिण सीमेवरील मंडळ्यांच्या दृष्टीने या निर्णयाचा अर्थ असा, की शेजारची मंडळी पुन्हा परकीच राहिली. नाझरीन, फ्री मेथडिस्ट, अलायन्स, मुक्तिफौज व सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट हेही वेगळे राहिले. यांतील काही पंथांना संघटनात्मक विलीनीकरणापेक्षा धर्मशिक्षणातील सहकार्य अधिक पसंत होते. १९५३ मध्ये यवतमाळ येथे अनेक मिशनांनी मिळून स्थापिलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी हे त्याचे फळ होय. ती १९८३ मध्ये पुण्यास हलली.

विलीनीकरणानंतर मालमत्तेचे वाद न्यायालयांत गेले. त्यांतील महत्त्वाचा वाद गुजरातेतील ब्रेदरन मंडळीचा होता. विलीनीकरणाचा ठराव झाला, म्हणून नोंदणीकृत संस्थेची व न्यासाची मालमत्ता आपोआप चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे जात नाही, त्यासाठी कायद्याने सांगितलेली पद्धत पाळली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. नागपूरच्या विधीनंतर त्रेचाळीस वर्षांनी आलेल्या या निर्णयाने श्रद्धेचे ऐक्य आणि संस्थेचे ऐक्य यांतील अंतर उघड झाले. मिशनकाळात मिळालेल्या जमिनी, शाळा व दवाखाने महाराष्ट्रातही ठिकठिकाणी आहेत. त्यांच्या ताब्यावरून सख्ख्या नात्यातील लोक परस्परांविरुद्ध उभे राहिल्याची उदाहरणे विरळ नाहीत. ऐक्य-योजना लिहिणाऱ्या धर्मशास्त्रज्ञांनी दीक्षाविधीतील एकेका शब्दावर जी मेहनत घेतली, तिचा काही अंश दस्तऐवजांसाठी राखून ठेवला असता, तर पुष्कळ मनस्ताप टळला असता.

कॅथलिक-प्रॉटेस्टंट संबंध : फादर टॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाने (१६१६) मराठी ख्रिस्ती साहित्याचा आरंभ झाला, तरी प्रॉटेस्टंट मराठी परंपरा दोनशे वर्षांनी त्याच्यापासून अलिप्तपणेच वाढली. नगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेझुइट धर्मगुरूंचे काम सुरू झाले, तेव्हा दोन्ही पक्षांत स्पर्धाच होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ऐक्यविषयक आदेश प्रसृत केला. कॅथलिक उपासनेत लॅटिनऐवजी लोकभाषा आली, आणि मराठी मिस्सा सुरू होताच मराठी गीतांची गरज पडली. टिळकांची गीते तेव्हा कॅथलिक चर्चमध्येही गायिली जाऊ लागली. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी या काळात ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनासप्ताह पाळला जातो. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थनादिनानिमित्त निरनिराळ्या मंडळ्यांतील स्त्रिया एकत्र येतात. स्थानिक ऐक्य टिकविण्यात या महिलामंडळांचा वाटा बिशपांच्या समित्यांपेक्षा कमी नाही. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावच्या मतमाऊलीच्या यात्रेस कॅथलिकांबरोबर इतर पंथांचे व अन्य धर्मांचेही लोक येतात. मरियेविषयी प्रॉटेस्टंट शिकवण काय सांगते, याची यात्रेकरू फारशी चिकित्सा करीत नाहीत.

भाषेतील भेद अद्याप आहेत. कॅथलिक ‘स्नानसंस्कार’ व ‘मिस्सा’ म्हणतात, तर प्रॉटेस्टंट ‘बाप्तिस्मा’ व ‘प्रभुभोजन’. एकाचे ‘धर्मगुरू’ ते दुसऱ्याचे ‘पाळक’. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांच्या सुबोध बायबल या ग्रंथास २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद-पुरस्कार मिळाला व तो दोन्ही परंपरांच्या घरांत वाचला गेला. वसईच्या या कॅथलिक धर्मगुरूची २०२० च्या उस्मानाबाद (आता धाराशिव) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजानेही तो आपलाच मान समजला. मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनांनीही पंथनिरपेक्ष व्यासपीठ दिले. १९३३ मध्ये नागपूर येथील संमेलनाचे अध्यक्षपद लक्ष्मीबाई टिळक यांनी भूषविले होते.

एका लौकिक प्रश्नानेही पंथांना जवळ आणले. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित होत्या. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध यांना त्या लागू झाल्या. ख्रिस्ती व मुसलमान मात्र वगळलेलेच राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ च्या अहवालात ही धर्माधारित अट काढून टाकण्याची शिफारस केली. या मागणीसाठी कॅथलिक बिशपांची परिषद व प्रॉटेस्टंट मंडळ्यांची राष्ट्रीय परिषद एकत्र उभ्या राहिल्या आहेत. मंडळीच्या आत जात पाळली जाते, ही गोष्ट या मागणीच्या निमित्ताने दोन्ही परिषदांना उघडपणे मान्य करावी लागली. एकोणिसाव्या शतकात टाळलेला विषय असा आडवाटेने ऐक्याच्या चर्चेत आला.

मराठवाड्यात १९७७ मध्ये अमरावती धर्मप्रांतातून औरंगाबादचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत निर्माण झाला. हिंगोली त्याच्या क्षेत्रात येते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचाही पुढे स्वतंत्र मराठवाडा धर्मप्रांत झाला. २०११ च्या जनगणनेनुसार हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती. तीत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण अत्यल्प आहे. संपूर्ण महाराष्ट्रातही ते एक टक्क्याहून थोडे कमीच (सु. १० लाख ८० हजार) भरते. जेथे सभासद मोजके असतात, तेथे नाताळची उपासना, दफनविधी व लग्न यांच्यासाठी परस्परांवाचून चालत नाही, आणि गीते सर्वांना पाठ असलेलीच म्हटली जातात. प्रभुभोजनाची मेज मात्र अजून एक झालेली नाही. कॅथलिक नियमानुसार, अपवादात्मक प्रसंग सोडता, इतर पंथीयांना मिस्सेतील प्रसाद दिला जात नाही. जानेवारीतील ऐक्यसप्ताहाच्या संयुक्त प्रार्थनासभेत बायबलवाचन, प्रवचन व गायन होते, आणि सभा प्रसादाविनाच विसर्जित होते.